मदत हवी आहे: वर बर्फ होतो, खाली दूध नासतं. फ्रीज दुरुस्त करू की नवा घेऊ?

नमस्कार. आम्ही कराडला राहतो, घरात सहा माणसं. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आहे, अडीचशे लिटरच्या आसपासचा, २०१४ साली घेतलेला. इतकी वर्षं त्याने कसलाही त्रास दिला नाही. मार्चपासून मात्र वरच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे ट्रे छान गोठतात आणि खालच्या कप्प्यात सकाळी तापवून, गार करून ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटतं. रात्री मळून ठेवलेली कणीक सकाळी आंबूस लागते. कंप्रेसर दिवसभर चालूच असतो, मध्ये थांबल्याचा आवाजच येत नाही. फ्रीज पूर्ण बंद करून, दारं उघडी ठेवून एक दिवस तसाच राहू दिला की पुढचे काही दिवस अगदी नव्यासारखा चालतो. मग पुन्हा तेच रडगाणं.

दूध-कणकेचं नुकसान मी सोसलं असतं. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो रात्रभर मधल्या फळीवर ठेवला. पहाटे पाहिलं तर १४ अंश. त्याच दिवशी सगळ्या कुप्या शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवल्या. पण दर वेळी औषधासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं हे सासूबाईंना फार लागतं, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

आतापर्यंत तीन मेकॅनिक येऊन गेले. पहिल्यांनी आत हात घातला आणि "गॅस संपलाय" म्हणून ३,२०० रुपये सांगितले. दुसरे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आले. फ्रीजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, जुना देऊन नवा घ्या, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांच्या मते कंप्रेसर कमजोर झालाय, ७,५०० लागतील. एकानेही फ्रीझरच्या आतलं पाठीमागचं पॅनल उघडून पाहिलं नाही की कुठे मीटर लावला नाही. तिघांची तीन निदानं ऐकून मी कोणावर विश्वास ठेवू?

विजेचंही बघितलं. एका रात्री घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवला आणि झोपताना व उठल्यावर मीटरचं रीडिंग लिहून घेतलं. त्या हिशेबाने दिवसाला अडीच युनिट जातात. दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाचा वापर ३२८ युनिट लिहिलाय, म्हणजे दिवसाला ०.९. लेबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, घरी दारं उघडझाप होतात, हे मान्य. तरी इतका फरक? महिन्याला पंचेचाळीस-पन्नास युनिट जास्त धरले, तर १०१ ते ३०० च्या टप्प्यात ते पाचशे रुपयांच्या वर जातात.

घरात यावर दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, अकरा वर्षं झाली, आता पैसे घालू नका, पंचवीस-सव्वीस हजारांत नवा येईल. मामंजी म्हणतात, चांगली वस्तू एका पार्टपायी घराबाहेर काढायची नाही. मला दोघांचंही पटतं. पैसे जाणार असतील तर जाऊ देत, पण बिघाड नेमका काय आहे हे कळल्याशिवाय ना दुरुस्तीला हो म्हणवतंय, ना फ्रीज काढून टाकवतोय. मेकॅनिकला नेमकं काय विचारायचं? गॅस गेलाय की आणखी काही, हे घरी ओळखता येतं का? आणि कोणत्या बिघाडाला "आता बस" म्हणायचं?

प्रतिसाद

ताई, मी कोल्हापुरात फ्रीज-एसीचं काम करतो. तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे लांबूनही अंदाज बांधता येतो. वर बर्फ होतोय म्हणजे गॅस आणि कंप्रेसर बहुधा आपलं काम करतायत. गॅस बराच कमी झाला तर फ्रीझरलाही फटका बसतो. ट्रे गोठत नाहीत, आइस्क्रीम मऊ पडतं आणि कंप्रेसर चालू असूनही फ्रीजच्या बाजू नेहमीसारख्या कोमट लागत नाहीत.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये थंडावा तयार होतो फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडच्या कॉइलवर. तिथली थंड हवा पंख्याने खाली ढकलली जाते. कॉइलवर हिम साचतंच, म्हणून दर काही तासांनी कंप्रेसर थांबतो आणि खालचा हीटर चालू होऊन ते वितळवतो. हे काम जुन्या मॉडेलात टायमर करतो, नंतरच्यांत बोर्ड. बर्फ वितळला की बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा छोटा स्विच, हीटर बंद करतो, आणि तो चुकला तर शेवटचा आधार म्हणून थर्मल फ्यूज असतो, तो जास्त तापला की तुटून वीज तोडतो. या साखळीतलं एक जरी गेलं तरी कॉइल बर्फाने गच्च होतं, पंख्याची हवा अडते आणि खालचा भाग तापतो. दिवसभर बंद ठेवल्यावर तो पुन्हा चालतो, कारण बर्फ वितळून वाट मोकळी होते. तुमच्या लिहिण्यात मला सर्वात महत्त्वाची खूण वाटली ती हीच.

एक शंका उरते, पंख्याची. फ्रीझरचं दार उघडून दाराचं बटण बोटाने दाबून धरा. पंख्याचा आवाज आला पाहिजे. काही मॉडेलात तो थोडा उशिरा सुरू होतो, तेव्हा लगेच बोट काढू नका. मेकॅनिक आला की फ्रीज चालू असताना, बर्फ साचलेला असतानाच पॅनल उघडायला सांगा. आधी बंद करून ठेवलात तर पुरावाच वितळून जाईल. मग हीटर, बायमेटल आणि फ्यूज मल्टिमीटरवर तपासायला लावा. हे पार्ट बहुतेक मॉडेलांना मिळतात, मजुरीसकट बाराशे ते दोन हजारांत काम व्हावं.

दाराचं रबर पण बघा. कागद दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते आणि बर्फ दुप्पट साचतो.

बदलायचा कधी, तर माझा ठोकताळा नुसत्या वयाचा नाही. गळती बॉडीत असेल, म्हणजे फोमच्या आत गाडलेल्या पाइपला भोक पडलं असेल, तर मी स्वतःच गिऱ्हाइकाला नवा घ्या सांगतो. गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका, महिन्या-दोन महिन्यांत तो पुन्हा जातो. गॅसचं काम करायचंच असेल तर फिल्टर बदलला पाहिजे, व्हॅक्यूम पंप लावला पाहिजे आणि कंप्रेसरवरचं स्टिकर वाचलं पाहिजे. आर-६००ए लिहिलं असेल तर तो ज्वलनशील गॅस आहे, तिथे शिकलेलाच माणूस हवा. दहा वर्षांपुढच्या फ्रीजचा कंप्रेसर खरोखर गेला असेल तर साडेसात हजार घालण्यात मलाही अर्थ वाटत नाही.

प्रतिसाद

मी फार्मासिस्ट आहे, फक्त इन्सुलिनबद्दल लिहिते. फ्रीज दुरुस्त होईपर्यंत कुप्या फ्रीझरमध्ये ठेवायचा विचार चुकूनही करू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं. मागच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. १४ अंशांत राहिलेल्या कुप्या खराब झाल्याच असं नाही, पण त्यांची नेहमीची मुदत आता गृहीत धरू नका. त्या वेगळ्या काढा आणि आधी वापरायच्या का, ते डॉक्टरांना विचारा. तोवर सासूबाईंची साखर जरा जास्त वेळा तपासा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज चौथे मेकॅनिक आले. मी आधीच सांगितलं की पॅनल उघडणार असाल तरच या. उघडलं तर कॉइल दिसतच नव्हतं, पांढरा दगड झाला होता. पंखा ठीक निघाला, हीटरही ठीक. बायमेटल आणि फ्यूज दोन्ही गेलेले. बायमेटल नवा बसवला, एकूण १,४०० रुपये. रबराला खालच्या कोपऱ्यात फट आहे, ते मागवलंय. आता पेल्यातलं थर्मामीटर ५ अंश दाखवतंय. रबर बसून आठवडाभर आकडा असाच राहिला की कुप्या घरी आणेन. एकच शंका आहे: फ्यूज त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी दोन वायरी थेट जोडून दिल्यात, "चालतं" म्हणाले. खरंच चालतं का?

प्रतिसाद

नाही ताई, हे चालत नाही. बायमेटल पुन्हा चिकटला तर हीटर बंद करणारं मध्ये काहीच उरत नाही. आतलं प्लास्टिक वितळतं, आग लागण्याचाही धोका असतो. जुन्या फ्यूजवर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात, त्याच आकड्यांचा नवा घ्यायला सांगा, शंभर-दोनशेची वस्तू आहे. त्यांना उद्याच परत बोलवा, आणि तो बसेपर्यंत फ्रीज बंद ठेवा.