ऑलिम्पिक, कॉमनवेल्थ आता बास करावं का?

शेंगाचटणी: २०२६ च्या कॉमनवेल्थ खेळांमधून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्च झेपंना म्हणून २०२३ मध्येच अंग काढलं, मग स्कॉटलंडच्या ग्लासगोनं घेतलं पण फक्त १० खेळ, कुस्ती नाही हॉकी नाही. मग उरलं काय? आपल्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी आणि २०३० चं अहमदाबादला आणलंय. हा खर्च पटतो का तुम्हाला?

सातरस्ता: नाही पटत. मॉन्ट्रियलनं १९७६ च्या ऑलिम्पिकचं कर्ज फेडायला तीस वर्षं घेतली. तीस! आपण घराचं लोन काढताना दहादा विचार करतो.

तालमीतला: काय बे, पैसा पैसा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकात कुस्तीत ब्राँझ आणलं म्हणून आजपण पोरं लाल मातीत उतरतात. २०२४ ला पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं, ऑलिम्पिक नसतं तर ५० मीटर रायफल कोण बघत बसलं असतं, इथं आयपीएल सोडून काय दिसतंय का. माझा राग वेगळाय, कुस्तीच काढली राव. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या १२ पैलवानांनी १२ मेडल आणली होती.

शेंगाचटणी: मग दरवेळी नवीन स्टेडियम कशाला, आहे त्यातच घ्या की.

तालमीतला: ते मान्य. पॅरिसनं बहुतेक तसंच केलं की.