मदत हवी आहे: कंपनी सोडली तरी बँकेची नोटीस मलाच

नमस्कार मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही तिघांनी मिळून मशीनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलेली. २०२२ ला रोजची भांडणं नकोत म्हणून डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला, डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म) भरून झाला, शेअर्स बाकी दोघांच्या नावावर केले आणि खानापूरला येऊन शेती बघायला लागलो, वाटलं सुटलो बाबा. परवा पोस्टमन नोटीस घेऊन आला, कंपनीचं सीसी लोन (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) थकलंय आणि गॅरंटर म्हणून माझं नाव! २०१९ ला बँकेचा मॅनेजर बोटानं जागा दाखवत गेला नि मी सह्या ठोकत गेलो, चहा गार व्हायच्या आत वीसेक सह्या.

सीए म्हणतोय राजीनामा वेगळा, पर्सनल गॅरंटी वेगळी, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम १३० प्रमाणे बँकेला कळवून पुढच्या व्यवहारांपुरती गॅरंटी काढून घेता येते, मागचं देणं राहतंच. मी एक ओळ कळवली नव्हती, येडेपणा माझाच.

पण मी गेल्यावर त्या दोघांनी लोनची लिमिट वाढवून घेतली, त्या कागदावर माझी सही नाही, कलम १३३ चा (गॅरंटरच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर तो पुढच्या व्यवहारांतून सुटतो) इथं फायदा मिळतो का ओ? कुणी असल्या केसमधून गेलंय का? बेळगावात मराठीत समजावून सांगणारा वकील असेल तर इनबॉक्स करा. आणि घर आईच्या नावावर आहे, त्याला हात लावणार नाहीत ना?