'गोचिडीतला' की 'गोचिडीचा'? आणि त्या माशीला म्हणायचं तरी काय?

काजूबी:
मंडळी, एका भाषांतरात अडकले आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या दूध सोसायटीच्या बैठकीत गोचिडीवर बोलायचं आहे, त्यासाठी दोन पानांचं टिपण करते आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली गोचिडीमुळे पसरणारा माकडताप आला, तेव्हापासून गोचीड म्हटलं की इथली माणसं कान टवकारून ऐकतात. काजू वेचायला निघताना हातापायांना गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल चोळायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे.

टिपणात एक परिच्छेद इक्सोडिफॅगस नावाच्या कीटकाचा आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. या कीटकाची मादी गोचिडीच्या पिल्लाच्या अंगात अंडी घालते. पिल्लाला रक्त मिळेपर्यंत अंडी तशीच पडून राहतात. ते रक्त प्यायलं की आत अळ्या वाढतात, गोचीड आतून पोखरून संपवतात, आणि मागच्या बाजूला भोक पाडून नव्या माश्या बाहेर येतात. मी लिहिलं होतं 'परोपजीवी गांधीलमाशी'. मसुदा वाचून सोसायटीतले एक काका म्हणाले, "परोपजीवी म्हणजे गोचीडच ना? शाळेत तेच शिकलो. आणि गोठ्यात गांधीलमाश्या कशाला आणतेस?"

दोन्ही हरकती मला पटल्या. गोचीड गाईवर जगते, पण गाईला खाऊन संपवत नाही. ही माशी ज्याच्यावर वाढते त्याला मारूनच बाहेर पडते. इतक्या मोठ्या फरकाला मराठीत वेगळा शब्द नको का?

ओसरी:
प्रथम एक गोष्ट. तुम्ही 'परोपजीवी' लिहिलंत याचा आनंद वाटला. हल्ली सगळीकडे 'परजीवी' दिसतं, ते हिंदीतून आलेलं आहे. पर अधिक उपजीवी, म्हणजे दुसऱ्यावर उपजीविका करणारा. 'उपजीविका' आपण रोज बोलतो, त्यामुळे अर्थ आपोआप उलगडतो. तुमच्या माशीसाठी 'यजमानघाती परोपजीवी' म्हणावं. ज्याच्याकडे राहतो तो यजमान, त्याचा घात करणारा तो यजमानघाती. तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना असे शब्द फोडून सांगितले की कधी जड गेले नाहीत.

वायंगण:
सर, शब्द चांगलो आसा, पण आमच्या वाडीत चालाचो नाय. शेजारची वहिनी घोवाक 'यजमान' म्हणता. सोसायटीच्या बैठकीत अर्धी बायकामाणसं असतात, तिथे 'यजमानघाती' म्हटलं तर पुढचं कोण ऐकणार? त्यापेक्षा 'कुंभारीण' घ्या. ओटीवरच्या वाशाला मातीचं घरटं करते ती. लहानपणी मी एक फोडून बघितलं होतं. आत सहा-सात हिरव्या अळ्या, मेलेल्या नव्हेत, पण हलतही नव्हत्या. काडी लावली तर एकीचं फक्त टोक थरथरलं. त्यांच्यामध्ये एक पांढरी, फुगीर अळी निवांत खात पडलेली. आजी ओरडली, "मोडू नको, ती किड्याची कुंभारीण करते आहे." काजूबीताईंची माशी म्हणजे गोचिडीची कुंभारीणच की.

सुरंगी:
वायंगणदादा, तुमची आजी सांगत होती तो कीटभृंगन्याय. कुंभारीण अळीला कोंडते, अळी तिचं ध्यान करते आणि शेवटी तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते, असं आपली माणसं शतकानुशतकं मानत आली. निरीक्षण खरं होतं. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मधलं अंडं तेवढं दिसलं नाही.

पण शब्द म्हणून 'कुंभारीण' मला अडचणीचा वाटतो. ती डंख मारून भक्ष्य लुळं करते आणि घरट्यात साठवते. इक्सोडिफॅगस घरटं बांधत नाही. अंडी घातलेली गोचीड हिंडत राहते, गुरावर चढते, रक्त पिते. मी शेतकऱ्यांसमोर बोलते तेव्हा सरळ 'मित्रकीटक' म्हणते. उसावरची, भातावरची ट्रायकोकार्डं, म्हणजे मित्रकीटक असलेल्या अंड्यांच्या पट्ट्या, लोकांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे लगेच समजतं.

काजूबी:
सुरंगीताई, मित्रकीटकात ढालकिडाही येतो आणि चतुरही. तो शब्द कोण आपला ते सांगतो, तो काय करतो ते सांगत नाही.
खरं तर पुढचं वाक्य याहून अवघड आहे. गोचिडींत वोल्बाकिया हा जिवाणू सापडल्याच्या नोंदी युरोपात बऱ्याच होत्या. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की तो जिवाणू इक्सोडिफॅगस माशीच्या अंगातला आहे. गोचिडीच्या पोटात माशीची अंडी किंवा अळ्या असायच्या. तपासणीसाठी अख्खी गोचीड वाटली जायची, मग माशीचा आणि तिच्या जिवाणूचा अंश त्यातच उतरायचा. पुढे आर्सेनोफोनस नावाच्या जिवाणूबाबतही हेच निघालं. मी लिहिलं, 'गोचिडीचे मानले गेलेले जिवाणू प्रत्यक्षात माशीचे होते'. हे बरोबर आहे का?

ओसरी:
'गोचिडीत मानले गेलेले' करा.

वायंगण:
नको सर! तसं केलं तर सगळा मुद्दाच जातो. जिवाणू गोचिडीत होताच की. गोचिडी'तलो' होतो, गोचिडी'चो' नव्हतो. आमच्याकडे हा फरक पोरालाही कळतो. गणपतीला चाकरमानी येतो, तो 'गावचो'. वर्षभर मुंबईत राहिला तरी गावचोच, देवळातला मान त्याचा, वाडीतला वाटा त्याचा. आणि काजूच्या बागेत राखणीला ठेवलेला बाहेरचा माणूस बारा महिने इथे राहतो, तो 'गावातलो'. त्याला कोणी गावचो म्हणणार नाही. तो जिवाणू म्हणजे गोचिडीतला राखणदार. त्याचा गाव माशी.

सुरंगी:
दादा, हे मी माझ्या व्याख्यानात वापरणार, तुमचं नाव सांगून. संशोधकांना हे पटवायला केवढा खटाटोप करावा लागला, आणि मराठीत दोन प्रत्ययांत काम झालं. त्या माश्या तपासल्या तेव्हा जवळजवळ सगळ्यांत वोल्बाकिया होता, म्हणजे 'माशीचा' म्हणायला भक्कम आधार आहे.
एकच सुचवते. जिवाणू माशीतही 'राहतो', म्हणून तिथे 'सहजीवी' शब्द हवा. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांनी वोल्बाकिया पहिल्यांदा पाहिला तो क्युलेक्स डासात. डेंग्यूवरच्या प्रयोगांत डासांमध्ये सोडतात तो याच कुळातला.

ओसरी:
सहजीवी म्हणजे एकमेकांच्या साहाय्याने जगणारे. इथे परस्पर लाभ सिद्ध आहे का? नसेल तर 'सहवासी' म्हणा. 'सहजीवन' हा आपण लग्नपत्रिकेत छापतो तो शब्द आहे, तो असा सैल वापरू नये.

सुरंगी:
सर, शास्त्रात सहजीवनाची व्याप्ती मोठी आहे, त्यात लाभ असो वा नुकसान. आंब्यावरचं बांडगूळही त्या अर्थी सहजीवनच.

ओसरी:
बांडगुळाला सहजीवी म्हणणं मला कधीही मान्य होणार नाही. आमच्या देवगडच्या कलमांवर दर पावसाळ्यानंतर कोयत्याने बांडगूळ काढावं लागतं. फुलटोचा त्याचं फळ खातो, चिकट बी फांदीला पुसून जातो, आणि दोन वर्षांत फांदीचं टोक वाळतं. ज्याची फांदी वाळते त्याला विचारा सहजीवन म्हणजे काय.

वायंगण:
सरांशी सहमत. पण बांडगुळाची पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न थोडं तरी करतंच ना ते? गोचीड तेवढंही करीत नाही. आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही सगळे 'ती गोचीड' का म्हणता? आम्ही 'तो गोचीड' म्हणतो. चिकटून बसलेल्या माणसाला 'गोचिडासारखो' म्हणतात, 'गोचिडीसारखो' नाही.

काजूबी:
आमच्या घरी आई 'ती' म्हणते, बाबा 'तो' म्हणतात, आणि गोठ्यात दोघांची बोटं एकाच कानामागे फिरतात. टिपणात 'ती'च ठेवते, कारण गोचीड स्वतः अंडी घालते त्याचंही वर्णन आहे. पण माशीचा शब्द अजून मिळाला नाही हो!

सुरंगी:
काजूबीताई, शब्दाआधी एक विनंती. ही माशी माकडताप घालवेल असं वाचणाऱ्याला वाटू देऊ नका. केनियात सुमारे दीड लाख माश्या वर्षभरात दहा गुरांच्या कुरणात सोडल्या होत्या. एका जातीच्या गोचिडी गुरामागे ४४ वरून २ वर आल्या, दुसऱ्या जातीवर परिणामच झाला नाही. म्हणजे गोचीड कोणती, यावर सगळं अवलंबून. आपल्या बाजूचंही एक नाव टिपणात घाला. घाटापलीकडे शिमोग्यातल्या सागरवरून 'सागरेन्सिस' नाव मिळालेली याच कुळातली माशी १९७७ पासून नोंदलेली आहे. १९५७ मध्ये माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला तो क्यासनूरही शिमोग्यातच. आपल्याकडे नक्की कोणती माशी आहे, हे बघायला हवं.

ओसरी:
'पोशिंदामार' कसा वाटतो? गाय गोचिडीची पोशिंदी, गोचीड माशीची पोशिंदी. शब्द संस्कृत नाही, पण अर्थ पुरा येतो. वायंगणरावांच्या वहिनींचीही हरकत नसावी.

काजूबी:
सर, पोशिंदा म्हणजे शेतकरी, असं आमच्या सोसायटीच्या भिंतीवरच रंगवलेलं आहे. 'पोशिंदामार' वाचून काय समजतील?

वायंगण:
ताई, आईला आत्ताच विचारलं. ती म्हणते, कधीतरी गाईच्या कानामागे पोकळ गोचीड मिळायची, नखाने दाबली तर रक्त येत नसे, नुसतं टरफल. मागे भोक होतं का, ते तिने पाहिलेलं नाही. उद्या गायी चरून इली की बघतंय. मिळाली तर डबीत घालून ठेवतंय, बैठकीक घेऊन येतंय.

सुरंगी:
दादा, नखाने दाबू नका. हातमोजा घाला, चिमट्याने काढा. आणि डबीचं झाकण घट्ट नको, मलमलचं फडकं बांधा. टरफल नसून आत अजून कोणी असेल, तर ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे.