विंडोज १० संपलं. पेजमेकरसकट लिनक्सवर जाता येईल का?

खिळेजुळारी :
नमस्कार मंडळी. कराडला घरीच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, उत्तरकार्याच्या पत्रिका.

मशीन सहाव्या पिढीचं आय५, ८ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी एसएसडी टाकली. झकास पळतंय. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो (सातव्यातले मोजके अपवाद), वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप). म्हणजे मशीनला झालंय काहीच नाही, यादीत नाव नाही एवढंच. रेशनकार्डासारखं. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन ठेवलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दसऱ्याच्या आत पुन्हा हाच घोळ.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "जुनं द्या, नवं न्या. नाहीतर ११ जुगाड करून टाकून देतो की, कुणाला कळतंय?" मला कळतंय ना! ऐन लग्नसराईत बंद पडलं तर पत्रिका काय हाताने लिहू?

पुतण्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली) चालवून दाखवलं. इन्स्टॉल न करता नुसतं बघायला मिळतं हे आवडलं. वायफाय आणि प्रिंटर लगेच लागले. ब्राउझर, मेल, हिशेबाची शीट, सगळं जमेल.

अडलंय ते पेजमेकर ७ वर (पानं मांडायचा जुना विंडोज प्रोग्रॅम). अठरा वर्षांच्या फाइली आहेत, सगळ्या श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये, आणि त्याला यूएसबी लॉक (तो लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही). गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरल्याच्या वेळची पत्रिका काढा, नावं तेवढी बदला." हा निम्मा धंदा आहे माझा.

तर प्रश्न : या फाइली लिनक्समध्ये उघडतील का? आणि माझी बोटं टाइपरायटरच्या पाटीवर बसलेली आहेत, इनस्क्रिप्ट (कॉम्प्युटरची प्रमाण देवनागरी पाटी) येत नाही. त्याचं काय?

(वाइनचा, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सल्ला देणार असाल तर स्वतः लॉकसकट चालवून पाहिलं असेल तरच द्या, ही विनंती.)

पेंग्विनपंत :
स्क्रायबसला (लिनक्सवर चालणारं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) पेजमेकरच्या फाइली आयात करता येतात. पण त्याची १.४ आवृत्ती चुकूनही घेऊ नका, त्यात जोडाक्षरं फुटतात. देवनागरीची नीट जुळणी १.५.३ पासून आली, म्हणून १.६ घ्या. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, छापखान्याला पीडीएफ देता येईल. मात्र तुमच्या फाइलीतली अक्षरं मुळात रोमन खुणांच्या जागी बसवलेली आहेत. फाँट नसेल तर 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसता कचरा दिसेल. युनिकोडमध्ये (अक्षरांची आजची प्रमाण पद्धत) रूपांतर होतं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासायची तयारी ठेवा.

गावठीगीक :
अठरा वर्षांचं रूपांतर कशाला करत बसता? मिंट टाका, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात जुनं विंडोज, इंटरनेट तोडून. पेजमेकर तिथेच राहू दे. स्वतःला व्हीबॉक्सयूझर्स ग्रुपमध्ये घ्या, नाहीतर यूएसबी आत दिसणारच नाही. लॉक आत ओळखला जातो का, हे आधी आहे त्या विंडोजवरच व्हर्च्युअलबॉक्स टाकून बघा. तिथे जमलं तरच पुढे चला. आणि सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आजच.

खिळेजुळारी :
गावठीगीक, हे डोक्यातच आलं नव्हतं! आत्ताच करून पाहिलं. आतल्या विंडोजने लॉक ओळखला, २०११ ची एक पत्रिका उघडली, रफारसुद्धा जागच्या जागी. मिंट तुळशीची लग्नं लागायच्या आत टाकतो, नंतर मान वर काढायला सवड नसते.

पेंग्विनपंत, नवी कामं स्क्रायबसमध्ये करून बघेन. पण टाइपरायटरच्या पाटीचं राहिलंच. मिंटमध्ये ती कुणी लावली आहे का? या वयात बोटं पुन्हा शाळेत घालायची इच्छा नाही.