काबेसा दे वाका: अनवाणी चाललेला गव्हर्नर खरंच वेगळा होता का?

रानवाट

स्पॅनिश गव्हर्नर म्हटलं की डोळ्यांपुढे सोनं, तलवार आणि गुलामांच्या रांगा येतात. आल्वार नुन्येस काबेसा दे वाकाला मला त्या माळेत ओवता येत नाही, म्हणून हा धागा.

१५२७ मध्ये सुमारे ६०० जणांच्या मोहिमेचा खजिनदार म्हणून तो स्पेनहून निघाला. फ्लोरिडात मोहिमेची धूळधाण झाली. उपाशी माणसांनी दर तिसऱ्या दिवशी एक घोडा मारून खाल्ला, रिकिबी वितळवून खिळे केले, अंगातले सदरे जोडून शिडं शिवली आणि पाच होड्या पाण्यात लोटल्या. टेक्सासच्या किनाऱ्यावर होडी उलटली, तेव्हा तिथले लोक या उघड्या, अर्धमेल्या परक्यांशेजारी बसले आणि अर्धा तास मोठमोठ्याने रडले. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुढची वर्षं तो त्या लोकांत गुलामासारखा राबला, शिंपले-कातडी घेऊन गावोगाव फिरला, वैदू झाला. १५३६ मध्ये मेक्सिकोत त्याला गुलाम पकडत फिरणारे स्पॅनिश स्वार भेटले. सोबतचे स्थानिक लोक मानायलाच तयार नव्हते की हे दोघे एकाच जातीचे: तुम्ही उगवतीकडून आलात, ते मावळतीकडून, तुम्ही आजाऱ्यांना बरं करता, ते धडधाकटांना मारतात.

हाच माणूस १५४२ मध्ये रिओ दे ला प्लाता या दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतीचा गव्हर्नर म्हणून असुन्सिऑनला (आज पराग्वेत) पोचला, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून जंगल तुडवत. वाटेत धान्य घेतलं तर मोबदला दिला, सैनिकांना वस्त्यांत शिरू दिलं नाही. तिथल्या मूळच्या गुआरानी लोकांच्या बायकांची देवघेव थांबवायला निघाला आणि एप्रिल १५४४ मध्ये, तापाने फणफणलेला असताना, वसाहतीतल्या स्पॅनिशांनीच त्याला अंथरुणातून ओढून बेड्या घातल्या. परक्यांच्या दयेवर जगलेला माणूस सत्तेवर वेगळाच वागतो, असं माझं ठाम मत आहे.

कातळशिल्प

असहमत. टेक्सासचा काबेसा दे वाका मलाही आवडतो, पण गव्हर्नरचा हिशोब गव्हर्नरकीतच करायला हवा. आराकारे नावाच्या गुआरानी मुखियाला याच्याच हुकमाने मृत्युदंड दिला गेला आणि त्यातून बंड पेटलं. ग्वायकुरू या दुसऱ्या स्थानिक जमातीवर हजारो गुआरानी सोबत घेऊन चाल केली, तीही याच्याच कारकिर्दीत. मवाळ हुकूम असला तरी हुकूमच ना? जमीन कुणाची, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

आणि त्याच्या चांगुलपणाचा साक्षीदार कोण? १५५५ मध्ये वायादोलिदला छापलेला कारभाराचा वृत्तान्त त्याच्याच चिटणीसाने, पेरो एर्नान्देसने लिहिलाय. आरोपीचा वकील आणि लेखनिक एकच.

पारावरची

मला तर इरालाची बाजू मांडावीशी वाटते. दोमिंगो मार्तिनेस दे इराला म्हणजे ज्याच्या हातून कारभार काढून याला दिला, तो. गुआरानींच्या रीतीत मुलगी दिली की जावई नातलग होतो आणि मेहुणे शेतीला हात लावतात. स्पॅनिशांनी त्या नात्याचं वेठबिगारीत रूपांतर केलं, ते पापच. पण त्याच घरांतली मुलं आईची भाषा बोलत वाढली. आज पराग्वेत गुआरानी राजभाषा आहे, ती या गडबडीच्या, अन्यायाच्या घरांतून टिकली. इरालाने मृत्युपत्रात स्थानिक बायकांपासून झालेली आपली मुलं मान्य केली. नव्या गव्हर्नरला ही नाती कळलीच नाहीत, त्याने नुसते मनाईहुकूम काढले.

रानवाट

@पारावरची, भाषा टिकली म्हणून बायकांची अदलाबदल पोटात घालायची का? ज्या बाईला कापडाच्या तुकड्यावर दुसऱ्याच्या घरी पाठवलं, तिला मनाईहुकूम 'नुसता' वाटला नसता.

@कातळशिल्प, आराकारेचा मुद्दा मान्य, मी तो वगळायला नको होता. साक्षीदाराबद्दल मात्र एक सांगतो: स्पेनमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि १५५१ च्या निकालात त्याची पदं काढून घेतली, इंडीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलुखात, पाऊल ठेवायला बंदी केली. वसाहतवाल्यांच्या हिताआड न येणाऱ्यावर इतका राग कुणी काढत नाही.

सांजदिवा

या सगळ्यात चौथा माणूस कुणालाच आठवला नाही याचं वाईट वाटलं. मेक्सिकोपर्यंत चालत पोचलेले चौघे होते. एस्तेबानिको, मोरोक्कोतल्या आझेमूरचा, त्या चौघांतल्याच दोरांतेसचा गुलाम. तीच भूक, तीच वाट. पुढे जाऊन वाटाघाटी बहुतेक तोच करायचा, खाणाखुणांनी, शिकलेल्या भाषांनी. काबेसा दे वाकाला गव्हर्नरकी मिळाली. एस्तेबानिकोला व्हाइसरॉयने १५३९ मध्ये पुन्हा उत्तरेकडे वाटाड्या म्हणून धाडलं आणि झुनी लोकांच्या हाविकू गावी तो मारला गेला.

रानवाट, तुमचं म्हणणं खरं असेल तर त्या चालण्याने या माणसासाठी काय बदललं, ते सांगा. काबेसा दे वाकाच्या प्रवासवर्णनाच्या अगदी शेवटी वाचलेल्यांची नावं आहेत. तिघांचे वडील, गावं सगळं लिहिलंय. चौथ्यापुढे एवढंच: अरबी काळा, आझेमूरचा.