मदत हवी आहे: स्वॉर्म सुरू करायचंय, पण ओतेमाची पाच वेळा दिसतंय

मुक्काम_पोस्ट_एदोगावा

नमस्कार मंडळी,

एप्रिलपासून तोक्योत आहे, एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला. इथे भारतीय बरेच. पहिल्याच संध्याकाळी स्टेशनबाहेर कुणीतरी "अगं, किल्ली घेतलीस का?" असं खणखणीत आवाजात विचारलं आणि क्षणभर वाटलं, विमान चुकून पुण्यालाच उतरलं. ऑफिस ओतेमाचीला. तोझाई या मेट्रो लाइनची गाडी थेट जाते. सकाळी ती कशी भरलेली असते हे मुंबईकरांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

तर विषय असा. ऑफिसातली पाचसहा जणं दुपारी एकत्र जेवायला जातात. हॉटेलात बसलं की चॉपस्टिकच्या आधी फोन बाहेर येतात. आधी वाटलं, फोटो काढतायत. नाही, चेक-इन करतात, म्हणजे "मी आत्ता इथे आहे" अशी ॲपवर नोंद! ॲपचं नाव स्वॉर्म. एखाद्या ठिकाणी सगळ्यात जास्त चेक-इन करणाऱ्याला ॲप तिथला "महापौर" करतं. कोपऱ्यावरच्या सोबाच्या (जपानी नूडल्सच्या) दुकानाचे महापौर आमचे काचो आहेत, म्हणजे सेक्शनचे साहेब, आणि त्यांना त्याचा खराखुरा अभिमान आहे. मलाही घे म्हणाले, मी घेतलं. आता पंचाईत.

एक तर ओतेमाचीला उतरून ॲप उघडलं की यादीत ओतेमाची स्टेशन पाच वेळा येतं. मी पहिलं दिसलं ते दाबलं. शेजारची मुलगी म्हणाली, "आज हान्झोमोन लाइनने आलीस?" निशिकासाईला असं होत नाही, तिथे एकच येतं.

दुसरं, भाऊ म्हणतो ते फोरस्क्वेअर होतं, ते तर बंद पडलं. मग हे काय आहे?

तिसरं म्हणजे घर. घरीही चेक-इन करायचं असतं का? यादीत आमची इमारत नाही, मग "नवीन ठिकाण जोडा" असं येतं. आणि सांगलीहून आईचं चालू आहे, "मलापण ते टाकून दे, म्हणजे तू पोचलीस की कळेल." टाकू का?

चौथा प्रश्न हळूच विचारते. काचोंची फ्रेंड रिक्वेस्ट आली आहे.

नकाशेवाला

पाच वेळा दिसतं कारण ओतेमाचीला पाच लाइनी आहेत: तोझाई, मारुनोउची, चियोदा, हान्झोमोन आणि मिता. स्वॉर्ममधली ठिकाणं बहुतांशी वापरणाऱ्यांनीच भरलेली आहेत. जपानी रेल्वेप्रेमींनी प्रत्येक लाइनच्या स्टेशनाची वेगळी नोंद केली, म्हणून पाच. तुमचं कुठलं ते नाव वाचत बसू नका, क्रमांक बघा. तोझाईचं ओतेमाची म्हणजे टी ०९, निशिकासाई टी १६. फलाटावरच्या निळ्या गोलात असतो तोच. शोधायच्या चौकटीत इंग्रजी टी आणि ०९ टाकलं तरी पुरे, कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, यायला हवीत असं नाही.

निशिकासाईला घोळ होत नाही त्याला अजून एक कारण आहे. तिथे रूळ पुलावरून जातात, वर आकाश, जीपीएस व्यवस्थित लागतो. मिनामी-सुनामाचीपासून शहराकडे गाडी जमिनीखाली जाते. खाली उपग्रह दिसत नाहीत. मग फोन आजूबाजूचे वायफाय आणि मोबाइलचे टॉवर यांच्यावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज शंभर-दोनशे मीटरनं सहज हुकतो. ओतेमाचीत तेवढ्यात तीन बँका, दोन लाइनी आणि सतरा कॉफीवाले येतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला "अचूक स्थान" दिलंय का तेही तपासा. आयफोनवर ते वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर फोन मुद्दाम ढोबळ जागा सांगतो आणि यादीत भलत्याच गल्लीतली दुकानं येतात.

नवीन ठिकाण जोडण्याआधी मात्र नीट शोधा. आपण लिहिलेलं नाव आपल्या फोनपुरतं राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वॉर्मच्या कंपनीनं, म्हणजे फोरस्क्वेअरनं, जगभरातल्या १० कोटींहून जास्त ठिकाणांची माहिती मुक्त परवान्याखाली खुली केली. उद्या तुमचं "माझं घर, खोली ३०२" कुठल्या नकाशावर उगवेल सांगता येत नाही. घराची नोंद करूच नका. हौसच असेल तर प्रकार "घर, खाजगी" असाच निवडा आणि नावात खोलीचा नंबर नको.

जुना_महापौर

भाऊ अर्धा बरोबर आहे. फोरस्क्वेअर २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात सुरू झालं. डेनिस क्रॉली आणि नवीन सेल्वादुराई या दोघांचं. त्याआधी क्रॉलीचं डॉजबॉल होतं. स्मार्टफोन यायच्या आधीची गोष्ट: तुम्ही कुठल्या बारमध्ये आहात ते एसएमएस करायचं, मग दहा ब्लॉकच्या आत असलेल्या मित्रांना निरोप जायचा. गूगलनं ते २००५ ला विकत घेतलं आणि २००९ ला मिटवलं.

२०१४ मध्ये फोरस्क्वेअरची वाटणी झाली. चेक-इन, महापौरपद वगैरे स्वॉर्मकडे गेलं, आणि "चांगलं कुठे खायला मिळेल" हे फोरस्क्वेअरकडे राहिलं. त्यातलं हे दुसरं ॲप १५ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. स्वॉर्म चालू आहे. त्यामुळे तुम्ही बुडत्या नावेत बसलेल्या नाही आहात, निदान अजून तरी.

महापौर व्हायचं गणित सोपं आहे. मागच्या ३० दिवसांत ज्याचे सगळ्यात जास्त दिवस तिथे चेक-इन, तो महापौर. एका दिवसात दहादा दाबलंत तरी एकच धरतात. निशिकासाई स्टेशनाची आशा सोडा, रोज जाणारे चिक्कार आहेत. (एदोगावाच्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, तिथे मराठी माणसानं खरी निवडणूक जिंकणं या महापौरपदापेक्षा सोपं असावं. हलकेच घ्या.)

मला विचाराल तर महापौरपद वगैरे पोरखेळ आहे, खरी मजा इतिहासात आहे. मी २०११ मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीचा महापौर होतो. परवा जुना पासवर्ड सापडला, लॉगिन केलं, सगळं जागच्या जागी. अमुक तारखेला, अमुक वाजता, सोबत कोण. त्यातला एक मित्र आता नाही. डायरी मी आयुष्यात कधी लिहिली नाही, पण ही आपोआप लिहिली गेली. तुम्हाला तोक्योत थोडीच वर्षं काढायची असतील तर याच्यासाठी तरी वापरा.

सावध_पाहुणा

महापौरांनी हळवं केलं, आता मी जरा पाणी ओततो.

१. सुरुवातीला एक्सला (पूर्वीच्या ट्विटरला) जोडू का असं विचारतात. नाही म्हणा. जपानात "आय ॲम ॲट" अशा पोस्टचा पाऊस असतो, तो याच जोडणीतून येतो. स्वॉर्मवर तुमचं चेक-इन मित्रांपुरतं असतं, एक्सवर गेलं की गावभर. २०१० मध्ये डच मंडळींनी "प्लीज रॉब मी" अशी साइटच काढली होती. लोकांच्या उघड्या चेक-इनवरून आत्ता घरात कोण नाही याची यादी!

२. जागेवरून निघताना चेक-इन करायची सवय लावा, पोचल्यावर नको. इतिहासात नोंद तीच राहते.

३. चेक-इन करताना कुलपाचं चिन्ह असतं. ते लावलं की नोंद फक्त तुम्हाला दिसते. दवाखाना, मुलाखत, एकटीनं पाहिलेला सिनेमा, सगळं कुलपात. पण त्यावर महापौरपद मिळत नाही.

काचोंचं म्हणाल तर रिक्वेस्ट घ्या. तिकडे साहेबाला ताटकळत ठेवणं जास्त महागात पडेल. फक्त आजारपणाची रजा टाकून हाकोनेच्या गरम झऱ्यावर चेक-इन नको.

लेकीची_आई

आईला हे ॲप देऊ नका हो. एक दिवस तुम्ही दाबायला विसरणार आणि सांगलीत रात्रभर दिवे चालू. माझी मुलगी म्युनिकला आहे, आम्ही हे भोगलंय. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन असतं ते द्या: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. उशिरा निघालात तर एक तासाचं पाठवायचं. वेळ संपली की आपोआप बंद होतं, तुमच्याही डोक्याला ताप नाही. जपान साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा तुम्ही रात्री अकराला घरी पोचता तेव्हा त्यांचे साडेसातच वाजलेले असतात. त्या जाग्या असतात, बिनधास्त पाठवा.

मुक्काम_पोस्ट_एदोगावा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. टी ०९ जमलं, एक्स जोडलं नाही, आईला लाइव्ह लोकेशन शिकवलं. आता ती निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून "आता नदी ओलांडलीस" असं फोनवर सांगते. काचोंनाही घेतलं. ते रोज पहाटे साडेपाचला एका देवळात चेक-इन करतात. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

पण एक नवीनच झालंय. आमच्या इमारतीच्या तळाशी कॉइन लाँड्री आहे. तिथे मी तीन रविवार चेक-इन केलं आणि काल तिची महापौर झाले! आईला फोन करून सांगितलं. रात्री पाहिलं तर लाँड्रीच्या पानावर माझं नाव आणि फोटो. ते सगळ्यांना दिसतं का?

सावध_पाहुणा

दिसतं. आणि रविवारी लाँड्रीत कोण जातं? जवळपास राहणारं माणूस. इतिहासात जाऊन ती तीन चेक-इन खोडा, पद जाईल. पुढचे रविवार कुलपात.

मुक्काम_पोस्ट_एदोगावा

खोडली. तासाभरापूर्वीच महापौरपद गेलं. आईला अजून सांगितलं नाहीये, तिनं कॉलनीत सांगून टाकलंय.