मानव्यविद्यांची आंतरविद्याशाखीय पदवी: विषय कसे निवडायचे आणि शेवटचा प्रबंध कसा जमवायचा?

पानगळ:
इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कलेतिहास आणि थोडं समाजशास्त्र असं एकत्र शिकवणाऱ्या तीन वर्षांच्या पदवीबद्दल विचारायचं आहे. पुस्तिकेत सक्तीचे विषय मोजके आणि निवडीचे ढीगभर आहेत. सगळ्यातलं थोडंथोडं घेतलं तर हाती काय लागतं? आणि शेवटच्या वर्षीच्या प्रबंधात दोन विद्याशाखा 'एकत्र आणा' म्हणतात, ते प्रत्यक्षात कसं करतात?

दौत:
आधी हिशेब मांडा. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांचे १८०. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. १० श्रेयांकांचा विषय म्हणजे २५० ते ३०० तास, आणि त्यातला मोठा भाग वर्गाबाहेरच्या वाचन-लेखनाचा. दुसरी पद्धत असली तरी हे गणित करून बघा, कारण वेळापत्रकात तास कमी दिसतात म्हणून विषय हलका वाटतो आणि तिथेच फसायला होतं.

माझं स्पष्ट मत: एक विद्याशाखा कण्यासारखी धरा. १८० पैकी ६० ते ७० श्रेयांक तिचे असू द्या, आणि तेही तिन्ही वर्षांत, चढत्या पायऱ्यांनी. दुसरीला ४० च्या आसपास. उरलेल्यात सक्तीचे विषय, एखादी भाषा आणि निव्वळ आवडीचं काही. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे तीन वर्षं 'ओळख' आणि 'परिचय' एवढेच विषय घेत राहणं. दुसऱ्या वर्षाअखेर कळतं की हव्या त्या सेमिनारला पूर्वअट आहे आणि ती पुरी करायला आता सत्र शिल्लक नाही.

म्हणून पुस्तिका शेवटाकडून वाचा. तिसऱ्या वर्षाचे आवडणारे चार-पाच विषय काढा, त्यांच्या पूर्वअटी लिहा, मग त्यांच्याही पूर्वअटी. कोणता विषय एक वर्षाआड चालतो तेही टिपून ठेवा. पुस्तिकेत ही गोष्ट बहुधा बारीक अक्षरात असते.

तळटीप:
दौत यांच्याशी सहमत. 'एकत्र आणणं' म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते.

१ नोव्हेंबर १७५५, लिस्बनचा भूकंप. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्च भरलेली. भूकंपापाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आगही लागली. पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल याने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली पाठवली: हादरे किती वेळ बसले, माणसं किती गेली, समुद्र आधी चढला की आधी ओसरला? फ्रेंच लेखक व्होल्टेअरने १७५६ मध्ये या आपत्तीवर दीर्घ कविता प्रसिद्ध केली आणि 'जे आहे ते सारं भल्यासाठीच' या मताला आव्हान दिलं. विचारवंत रूसोने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पत्रातून उत्तर दिलं: सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने नव्हती बांधली. जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखालच्या पोकळ्यांमधल्या वायूंचं त्याचं स्पष्टीकरण आज चुकीचं ठरलं आहे, पण कारण तो निसर्गातच शोधत होता.

आता विद्यार्थी काय करतात? पहिल्या प्रकरणात इतिहास, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात तत्त्वज्ञान. तीन छोटे निबंध एका पुठ्ठ्यात. याहून वाईट म्हणजे कवितेतल्या ओळी 'शहरात काय घडलं' याचा पुरावा म्हणून देतात. व्होल्टेअर तेव्हा लिस्बनमध्ये नव्हता, जिनिव्हाजवळ राहत होता. त्याची कविता भिंती कशा पडल्या याचं साधन, म्हणजे माहितीचा आधार, नाहीच; ती बातमीने युरोपातल्या विचारात काय हललं याचं साधन आहे. पाद्र्यांची उत्तरंही निव्वळ मोजमाप नव्हेत, कारण ती सरकारी प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत: जे विचारलं तेच त्यांत ठळक येतं.

प्रत्येक साधनापुढे एक वाक्य लिहायची सवय लावा: 'हे कशाचं साधन आहे आणि कशाचं नाही.' मग प्रश्न असा निवडा की एक विद्याशाखा काढून घेतली तर उत्तरच कोसळावं. 'लिस्बनचा भूकंप आणि साहित्य' हा नुसता विषय झाला. 'आपत्तीचा दोष देवाकडून माणसाच्या बांधकामाकडे कसा सरकला' हा प्रश्न. त्याला रूसोचं पत्र बारकाईने वाचावं लागतं, आणि शहर पुन्हा बांधताना काय नियम केले तेही तपासावं लागतं.

पानगळ:
हे फार उपयोगी पडलं. पण मूळ भाषा येत नसेल तर असा प्रश्न घ्यावा का? आणि संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे?

समास:
भाषेचं आधी बघा. दोन सत्रांत छापील मजकूर कोशाच्या मदतीने वाचण्यापुरती भाषा येऊ शकते; अठराव्या शतकातलं हस्ताक्षर लावता येत नाही. म्हणून प्रश्न पक्का करण्याआधी साधनांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'छापील', 'अनुवादित' किंवा 'हस्तलिखित' असं लिहा. मुख्य आधार हस्तलिखितांचा निघाला तर प्रश्न बदला. अनुवाद चालतो, पण एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा असेल तर तो शब्द मूळ भाषेत पाहायलाच हवा.

संदर्भांचं: इतिहासात बहुधा तळटिपा, साहित्यात लेखकाचं नाव आणि पृष्ठ कंसात, समाजशास्त्रात लेखक आणि साल. प्रबंधात एकच पद्धत धरा. पुराभिलेखातली कागदपत्रं बरीच असतील तर तळटिपाच बऱ्या, कारण दप्तर, पुडकं, पान एवढं सगळं कंसात मावत नाही.

आणि मार्गदर्शक दोन विभागांचे असतील तर पहिल्याच महिन्यात दोघांना एकत्र भेटा. एकजण 'अजून साधनं आणा' म्हणतो, दुसरा 'हाच उतारा अजून खोलात वाचा'. १०,००० शब्दांच्या प्रबंधात दोन्ही बसत नाही. किती साधनं, किती प्रकरणं, शेवटी गुण कोण देणार, हे ठरलं की दोघांना ईमेलने पाठवून ठेवा.

दौत:
एक राहिलं. नावं सारखी असली तरी रचना वेगळ्या असतात. ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या पदवीत तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे तीन ठरलेले विषय शेजारी-शेजारी चालतात; अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १९१९ पासून सगळ्यांना सामाईक असा एक पायाभूत अभ्यासक्रम आहे. प्रवेशाआधी विभागाला विचारा: दोन विद्याशाखांचे शिक्षक एकाच वर्गात शिकवतात असा एक तरी विषय आहे का, आणि कोणत्या वर्षी?